तेवीस जुलैचे खाते

आमच्या घरी माझा वाढदिवस साजरा होत नसे. तो वाचला जाई. दर वर्षी २३ जुलैला सकाळी आई मला पाटावर बसवून ओवाळी, हातावर चार बेदाणे ठेवी, आणि मग अण्णा फळीवरून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही खाली काढीत. चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून ते वाचू लागत, "२३ जुलै. १९४६. मँचेस्टर. आपले ९ गडी बाद..." इतर मुलांच्या घरी या दिवशी शिरा होई. आमच्या घरी धावसंख्या होई. शिराही होई, पण नंतर.

अण्णा सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानी दिवाणजी होते. ज्यांना हा व्यवसाय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुकानात वह्या मुख्यतः दोन. एक कीर्द, तीत रोजचा व्यवहार रोज, घडेल तसा लिहायचा. दुसरी खतावणी, कीर्दीतल्या त्याच रकमा तीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन बसवायच्या. कीर्दीवरून आज काय झाले ते कळते, खतावणीवरून कोण कसा आहे ते कळते, असे अण्णा म्हणत. दिवसभर लोकांची खाती लिहून त्यांचे समाधान होत नसावे. घरी आल्यावर ते आपली खासगी खतावणी लिहीत. तीत खाती माणसांची नव्हती, तारखांची होती. ३६६ पाने, ३६६ खाती. २९ फेब्रुवारीसुद्धा सोडलेली नव्हती. आणि प्रत्येक पानावर त्या तारखेला भारताचा क्रिकेट संघ काय करीत होता याची नोंद. तीन रकाने: जमा, नावे आणि शिल्लक.

त्या तारखेला सामना जिंकला की तो 'जमा'. हरला की 'नावे'. आणि ज्या दिवशी सामना निकालाविना राहिला किंवा खेळ अजून चालूच होता, तो दिवस 'शिल्लक'. नियम कडक. विजय ज्या दिवशी पुरा झाला त्याच पानावर जायचा, आदल्या दिवशीच्या पानावर नाही. भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो मद्रासला, १० फेब्रुवारी १९५२ रोजी. म्हणून तो १० फेब्रुवारीच्या खात्यावर जमा. कर्णधार होते विजय हजारे, म्हणजे आमच्या सांगलीत जन्मलेले. या नोंदीपुढे अण्णांनी 'आपले' एवढाच शेरा मारला होता. पण हिशेबाला ममता नसते. त्याच वर्षी १९ जुलैला मँचेस्टरला हजाऱ्यांच्याच संघाचे दोन्ही डाव एका दिवसात, ५८ आणि ८२ धावांत आटोपले. तेही १९ जुलैच्या पानावर त्याच टपोऱ्या अक्षरात नावे पडलेले होते.

आता माझ्या तारखेविषयी. जुलैत आपल्याकडे पाऊस. मैदाने चिखलात आणि स्टंप माळ्यावर. म्हणून या महिन्यात आपला संघ बहुधा परदेशी, आणि त्यातही इंग्लंडला असायचा. त्यामुळे माझ्या खात्यात मुंबई नाही, कलकत्ता नाही. मँचेस्टर आणि लॉर्ड्स एवढेच पुनःपुन्हा येते. लहानपणी मला ही माझ्या घरची दोन जवळची गावे वाटत. कराड आणि मिरज वाटावीत तशी.

पहिली नोंद १९४६ ची. तेव्हा अण्णा १० वर्षांचे होते. ती त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकून मागाहून उतरवलेली. भारताला जिंकायला २७८ धावा हव्या होत्या. बेडसरने ७ गडी घेतले आणि आपले १५२ वर ९ बाद झाले. शेवटची जोडी उरली ती रंगा सोहोनी आणि यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर यांची. दोघांनी शेवटची १३ मिनिटे खेळून काढली आणि सामना अनिर्णित राहिला. हजारेही त्या संघात होते. अण्णा हे वाचताना '१३ मिनिटे' या शब्दांवर अंमळ थांबत. मला त्यात काही विशेष वाटत नसे. जिंकले नाहीत, मग त्यात काय वाचायचे?

एकदा, मी सातवीत असेन, मी तसे विचारलेही. "अण्णा, यात आपण जिंकलो कुठे?"

"जिंकलो नाही."

"मग हरलो?"

"हरलो असतो तर नावे नसतं का लिहिलं? शिल्लक आहे ती. हिशेब मिटला नाही. पुढच्या पानावर ओढायचा."

पुढची नोंद १९५९ ची. त्या वर्षी २३ जुलैला मँचेस्टरचा कसोटी सामना सुरू झाला. आपण तो पुढे १७१ धावांनी हरलो. पण ऑक्सफर्डात शिकणाऱ्या अब्बास अली बेग नावाच्या २० वर्षांच्या पोराला ऐन वेळी संघात घेतले आणि त्याने पहिल्याच कसोटीत ११२ धावा काढल्या. त्याखाली १९७१: लॉर्ड्स, सामन्याचा दुसरा दिवस. हा सामना पावसाने अनिर्णित ठेवला आणि पुढे २४ ऑगस्टला ओव्हलवर वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधला पहिला विजय मिळवला. "लॉर्ड्सला शिल्लक राहिली, म्हणून ओव्हलला जमा झाली," हे अण्णांचे वाक्य मला पाठ होते.

पण या दोन नोंदींच्या वर, १९५२ सालासमोर, जमेच्या रकान्यात एक तांबड्या शाईची ओळ होती. सबंध पानावर जमेची ही एकच रक्कम, आणि तिचा क्रिकेटशी काही संबंध नव्हता. 'हेलसिंकी. खाशाबा जाधव. कुस्ती. कांस्यपदक.'

मी हरकत घेतली. शाळेत वादविवाद मंडळात होतो, तेव्हा हरकत घेणे हा माझा धर्मच होता. "अण्णा, ही वही संघाची. कुस्ती एकट्याची. ही नोंद चुकीच्या खात्यावर पडली."

अण्णांनी वही मिटली आणि म्हणाले, "एकटा कोण? गोळेश्वरचा तो गडी हेलसिंकीला गेला कसा? खिशात पैसा नव्हता. गावानं वर्गणी काढली, दुकानदारांनी दिली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तो आखाड्यात उतरला तेव्हा मागं केवढा संघ उभा होता सांग बघू! आणि तो परत आला तेव्हा कराडपासून शंभर-दीडशे बैलगाड्या मिरवणुकीला होत्या म्हणतात. क्रिकेटला अकराच लागतात. याला सगळा तालुका लागला."

स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. हे सगळे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळले की वादविवाद मंडळात जिंकणे सोपे असते, दिवाणजीपुढे नव्हे.

पुढे मी पुण्याला एम. ए. करायला गेलो. वाढदिवसाला घरून कार्ड येई, त्यावर आशीर्वाद एका ओळीत आणि बाकी २३ जुलै. मित्र हसत. म्हणत, तुझ्या वडिलांनी तुला वाढदिवसाला मँचेस्टर भेट दिले. मलाही मनातून थोडे लागे. ज्याच्या वडिलांना मुलाच्या जन्मतारखेला क्रिकेट आठवते, त्या मुलाने काय समजावे? मी कार्डे जपून ठेवली नाहीत. आज ते सांगताना लाज वाटते.

२००४ साली साताऱ्याला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवू लागलो. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. घंटा वाजली की आपण प्राध्यापक. घंटा संपली की कोणी नाही. सुट्टी लागली की पगाराला सुट्टी. तीन वर्षे मी असा राहिलो. सेटची परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा नापास झालो. २००७ च्या जुलैत नवे वेळापत्रक लागले, त्यात माझे तास निम्म्यावर आले. त्याच सुमारास अण्णा दुकानातून निवृत्त व्हायचे होते आणि मालकांनी त्यांच्या जागी मला बोलावले होते. मी मनाशी ठरवून टाकले. व्याकरण सोडायचे आणि हळद धरायची. २३ जुलैला, सोमवारी, मी खोलीत बसून राजीनामा लिहीत होतो. तासिकेवरच्या माणसाला राजीनामाही लागत नाही. पण लिहिल्याचे समाधान.

रात्री घरमालकांच्या फोनवर अण्णांचा फोन आला. अण्णा स्वतःहून फोन करीत नसत. त्यात पैसे पडतात असा त्यांचा दाखला होता. म्हणाले, "ऐकलंस का? लॉर्ड्सला ९ बाद झाले होते. ३८० करायचे होते. धोनी आणि श्रीशांत उरले होते रे. २८२ वर उजेड गेला, पाऊस आला. वाचलो!"

मी म्हटले, "अण्णा, आज माझा वाढदिवस आहे."

"माहीत आहे की! म्हणून तर सांगतोय. अगदी १९४६ सारखं झालं. तीच तारीख, तेच ९ बाद." मग थोडा वेळ नुसती खरखर. "तुझं कसं चाललंय?"

मी सगळे सांगितले. राजीनाम्याचेही सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "दुकान कुठं पळत नाही. १३ मिनिटं काढ. मग बघू."

त्या रात्री मी कागद फाडला असे लिहिले तर ते गोष्टीत शोभेल. मी तो घडी करून पुस्तकात ठेवला. पण दिला नाही. ३१ जुलैला भारताने नॉटिंगहॅमची कसोटी जिंकली आणि त्या विजयावर इंग्लंडमधली मालिकाही, १९८६ नंतर प्रथमच. मी सेट पास झालो तो पुढच्या वर्षी, तिसऱ्या खेपेला. कायम झालो २०१० साली. माझी १३ मिनिटे ३ वर्षे चालली.

साताऱ्याहून सांगलीला एस. टी. ने जाताना कराड लागते. अण्णा कधी माझ्याकडे राहून परत निघाले की मी त्यांना सोडायला बरोबर जाई. कराडला गाडी थांबली की ते खिडकीतून बोट दाखवीत आणि शेजारच्या अनोळखी प्रवाशाला सांगत, "गोळेश्वर तिकडं. खाशाबाचं गाव." प्रवासी बहुधा कराडचाच असे. तो म्हणे, "व्हय, ठाऊक हाय." अण्णांना त्याने वाईट वाटत नसे. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगणे हाच तर खतावणीचा धंदा.

२०१७ साली २३ जुलैला रविवार होता. अण्णा ८१ वर्षांचे. आई जाऊन ४ वर्षे झाली होती. मी सांगलीला गेलो होतो. त्या दिवशी लॉर्ड्सवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत आणि इंग्लंड. आमच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना सलामीला येणार. नुकतीच २१ वर्षांची झालेली पोर. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा काढलेल्या. अण्णांनी धुतलेले धोतर नेसून खुर्ची दूरचित्रवाणीपुढे ओढली होती. "७१ वर्षांनी सांगलीचं माणूस याच तारखेला," ते म्हणाले. हजाऱ्यांचे १९४६ त्यांच्या डोक्यात होते.

स्मृती शून्यावर गेली. अण्णा काही बोलले नाहीत. पुनम राऊत खेळत राहिली, ८६ धावा केल्या. २२९ हवे होते आणि आपण ३ बाद १९१ होतो. मी उठून चहा टाकला. आता काय उरले होते? चहा उकळेपर्यंत सगळे पालटले होते. श्रबसोल नावाची मुलगी एकामागून एक गडी घेत होती. शेवटचे ७ गडी २८ धावांत गेले. ९ धावांनी हरलो.

अण्णांनी वही मागितली. हात थरथरत होता, तरी मला लिहू दिले नाही. नावेच्या रकान्यात लिहिले, 'लॉर्ड्स. मुली. ९ धावा.' मग टाक खाली ठेवून म्हणाले, "या पानावर नावे पहिलंच पडलं."

"वाईट वाटलं?"

"नावे पडलेलं फिटतं. खातं बंद झालं की मग वाईट." आणि चहा निवला म्हणून माझ्यावर रागावले.

दोन वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेले. आमचे घर गावभागात, नदीच्या अंगाला. मी साताऱ्यात अडकून पडलेला, रस्ते बंद. शेजारच्या तरुण मंडळींनी अण्णांना होडीत घालून बाहेर काढले. "आजोबा, महत्त्वाचं तेवढं घ्या," असे ते म्हणाले. घरात आईच्या बांगड्या होत्या, बँकेचे पुस्तक होते, घराचे कागद होते. अण्णांनी वही घेतली. पाणी ओसरल्यावर मी पोचलो तेव्हा मारवाडी गल्लीपर्यंत सगळीकडे चिखल आणि कुबट वास. अण्णा एका शाळेत सतरंजीवर बसले होते आणि वहीची ओली पाने एकेक करून उलटी धरून वाळवीत होते. मी चिडलो. म्हणालो, "अण्णा, घराचे कागद गेले!"

"त्यांची नक्कल मिळते," ते शांतपणे म्हणाले.

२०२१ च्या जानेवारीत अण्णा गेले. वही मी साताऱ्याला आणली आणि कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवली. उघडली नाही. वाढदिवस आला की तेवढा दिवस कपाट उघडायचे टाळी. घरात ही म्हणाली, "कुबट वास येतोय, ऊन तरी दाखवा." मी 'हो' म्हणे आणि विसरे. असे चार वाढदिवस गेले.

२०२५ च्या २३ जुलैला सकाळी धाकट्या लेकीने ती वही परस्पर काढली. तिने अण्णांच्या वाचनाच्या गोष्टी आईकडून ऐकल्या होत्या. मी पाटावर बसलो होतो, ओवाळणे चालले होते, आणि ही १० वर्षांची पोर तबकामागे उभी राहून वाचू लागली, "२३ जुलै. १९४६. मँचेस्टर." अक्षरे पुराने फुटली होती, ती अडखळत होती. १९५२. १९५९. १९७१. मी ओठांनी तिच्या पुढे पुढे चाललो होतो, कारण पुढचे मला पाठ होते. १९७१ नंतर २००७. पण ती तशी गेली नाही.

"१९८१," तिने वाचले. "सामना नाही. मुलगा झाला. शिल्लक पुढे."

मग वर बघून म्हणाली, "बाबा, हे कोण?"

अण्णा दर वर्षी ही ओळ गाळून वाचीत होते. समोर पाटावर बसलेल्या मुलासमोर ती वाचायची त्यांना लाज वाटत असावी. आपल्याकडच्या त्या पिढीचे वडील असेच. मुलाला जवळ घ्यायचे तर तो झोपला आहे हे आधी बघून घ्यायचे. मी ४४ वर्षांचा होईपर्यंत मला वाटत आले होते की माझ्या वडिलांनी माझ्या जन्मतारखेला क्रिकेटच्या वहीत कोंबले. खरे म्हणजे त्यांनी मला त्या खात्यावर घेतले होते. सोहोनी-हिंदळेकरांच्या खाली, खाशाबांच्या शेजारच्या रकान्यात. जमेला नाही, नावेला नाही. अजून खेळतो आहे, असे.

त्या रात्री मँचेस्टरची कसोटी सुरू झालेली होती. वोक्सचा चेंडू ऋषभ पंतच्या पायावर बसला आणि त्याला गाडीतून मैदानाबाहेर न्यावे लागले. मी वही पुढे ओढली, आणि अण्णांच्या अक्षराखाली माझे मास्तरी अक्षर प्रथमच उमटले: '२०२५. मँचेस्टर. पंत जखमी. शिल्लक.' दुसऱ्या दिवशी तो लंगडत पुन्हा खेळायला आला आणि त्याने ५४ पर्यंत मजल मारली. सामना आपण अनिर्णित राखला. ४ ऑगस्टला ओव्हलवर ६ धावांनी जिंकलो आणि मालिका बरोबरीत सुटली. अण्णा असते तर त्यांनी मला पुन्हा तेच वाक्य ऐकवले असते.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि दहा-बारा दिवसांनी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. स्मृतीच्या ४५ धावा होत्या. मध्यरात्री गल्लीत उरलेसुरले फटाके वाजले. लेक जागीच होती. तिने २ नोव्हेंबरचे पान काढून दिले आणि मी जमा लिहिले.

"आता २३ जुलैचं ते ९ धावांचं खोडायचं?" तिने विचारले.

"खोडायचं नाही. खतावणीत खाडाखोड चालत नाही. ते तिथं राहणार, हे इथं."

तिला ते पटले की नाही, सांगता येत नाही. तिने हरकत घेतली नाही, पण ती अजून सातवीत गेलेली नाही.

हल्ली पेढ्यांवर हिशेब संगणकावर असतात आणि पाडव्याला वहीपूजनाच्या वेळी मुहूर्तापुरती एक कोरी वही आणून ठेवतात. आमच्याकडे कोरी वही लागत नाही. पाटावर लाल बांधणीची, पुराने कडा फुगलेली ती वही ठेवतो, तिला हळद-कुंकू लावतो. कुंकू साताऱ्याचे चालते. हळद मात्र सांगलीहून मागवतो.